विहिरीच्या तळाशी सहा कोटी वर्षे

परभणीहून जिंतूरकडे निघालेली एस.टी. झरी, बोरी ही गावे मागे टाकते तोवर दोन्ही बाजूंना काळी सपाट राने दिसतात. जिंतूर जवळ आले की डोंगर सुरू होतात. हे डोंगर टोकदार नाहीत. माथा विळ्याने छाटल्यासारखा सपाट आणि अंगाला पायऱ्या-पायऱ्या. या रस्त्याने मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलो असेन. त्या पायऱ्यांकडे माझे कधी लक्ष गेले नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात ते माझ्या मुलीचे गेले.

"पप्पा, ह्या डोंगराला पायऱ्या कुणी केल्या?"

मी कचेरीत जमाखर्च सांभाळणारा लिपिक. शिक्षण बी.कॉम. दगडधोंड्यांचा अभ्यास कधी केला नाही. "पाण्यानं झाल्या असतील," असे म्हणून वेळ मारून नेली. पण पोरगी नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिने दुसरा प्रश्न टाकला. "पृथ्वीचं वय चारशे चोपन्न कोटी वर्षं आहे म्हणतात. ते मोजलं कुणी?" आमच्या कचेरीत जन्माच्या दाखल्याशिवाय कुणाचे वय मानत नाहीत. पृथ्वीचा दाखला कोणत्या ग्रामपंचायतीत मागायचा? मी हसलो आणि खिडकीबाहेर बघू लागलो. पण पुढच्या काही दिवसांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला शोधावी लागली, आणि त्यांची सुरुवात आमच्याच रानातल्या विहिरीत झाली. वाचकांच्या घरी शिकणारी मुले आहेत, गावाकडे रान-विहिरीही आहेत. म्हणून हे सांगतो आहे.

नारळ आणि साडेचारशे फूट

गावी जायला कारण होते. माझा धाकटा भाऊ आमची दोन एकर जमीन कसतो. जानेवारीत त्याने बोअर घेतला होता. कुणीतरी पाणाड्या आणला. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवला, रानभर फिरला, आणि वरच्या बरडावर नारळ उभा राहिला म्हणाला. तिथे गाडी लावली. साडेचारशे फूट गेले. पाण्याऐवजी नुसती भुकटी वर आली. पंचावन्न हजार रुपये गेले, त्यात आईची बोरमाळ गहाण पडली. आता भाऊ दुसऱ्या बोअरच्या तयारीत होता, या वेळी सहाशे फूट. आईने मला फोन केला. "ये बाबा, त्याला समजावून सांग. मह्याकडं आता गहाण ठेवायला काही राहिलं नाही."

घरी पोचलो तर भाऊ अंगणातच बसलेला. "दादा, तुम्हाला रानातलं काय कळतंय?" हे त्याचे पहिले वाक्य. त्याचे चुकले नव्हते. मला रानातले खरेच कळत नव्हते. म्हणून संध्याकाळी आम्ही ज्याला कळते अशा माणसाला बोलावले. आमची विहीर १९९० साली जीवनधारा योजनेतून झाली. ती खोदणारे वडार समाजातले म्हातारे कारागीर शेजारच्या वस्तीवर राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते काठी टेकत आले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले.

ही विहीर आमच्या घराला फार मोलाची आहे. गावातल्या जुन्या विहिरीचे दगड आमच्या आज्याच्या पिढीने वाहिले, पण पाण्यासाठी आमच्या बायकांना दूर उभे राहावे लागे. आपल्या रानात आपली विहीर झाली त्या दिवशी वडिलांनी पहिला तांब्या आजीच्या हातात दिला होता, असे आई सांगते.

विहिरीची भिंत

विहीर आठ परस खोल आहे. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढे ते एक परस, म्हणजे अंदाजे सहा फूट. मे महिन्यात तळाशी गुडघाभर पाणी होते, त्यामुळे सगळी भिंत उघडी पडली होती. अण्णा वरून काठीने दाखवत गेले आणि मुलगी पायऱ्या उतरत वहीत लिहीत गेली.

सगळ्यात वर चार-पाच फूट काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे खडे. मग पिवळसर मुरूम. मग काळा कठीण दगड, त्याला उभ्या चिरा. साधारण तीस फुटांवर वीतभर जाडीचा तांबडा पट्टा, ओल्या गेरूसारखा. आणि त्या पट्ट्याखाली भोकाभोकांचा मऊ दगड, भोकांत पांढरे चमकणारे खडे भरलेले. वडार लोक त्याला मांजऱ्या म्हणतात.

"तांबडी लागली की आम्ही समजायचो, खाली मांजऱ्या हाय," अण्णा म्हणाले. "मांजऱ्या लागला की पाण्याचा वास यायचा. तुमच्या विहिरीला पाणी तिथंच लागलं."

आईही काठावर आली होती. १९७२ च्या दुष्काळात ती अठरा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढायचे. तिने तो पांढऱ्या डोळ्यांचा दगड लगेच ओळखला. "हा लवकर फुटायचा. पण मुकादम खडीला घ्यायचा नाही. ढिगात सापडला की मजुरी कापायचा. काळा मात्र हाताची सालं काढायचा."

त्या रात्री मुलीने विहिरीचे चित्र काढले. परभणीला परतल्यावर ते चित्र घेऊन मी कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास समजावले, दोन पुस्तके दिली. त्यातून जे कळले ते असे.

परभणी जिल्ह्याखालचा सगळा काळा दगड एके काळी वितळलेला रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तप्त लाव्हा बाहेर येऊन पाण्यासारखा पसरला. हे एकदाच झाले नाही. एक थर पसरला, थिजला, मध्ये काळ गेला, मग दुसरा. असे थरावर थर. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपल्या सबंध महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे, यावरून कल्पना यावी. अजिंठा आणि वेरूळ याच दगडात कोरले आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात आणि या सबंध प्रदेशाला डेक्कन ट्रॅप. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर टिकतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

विहिरीची भिंतही आता वाचता येऊ लागली. तव्यावर धिरडे टाकले की वरच्या अंगाला जाळी पडते ना? तसेच लाव्ह्यातला वायू वर येतो आणि थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांची भोके राहतात. पुढे त्यात पाण्याबरोबर आलेली पांढरी खनिजे साठतात. तो मांजऱ्या. म्हणजे मांजऱ्या हा खालच्या, जुन्या थराचा माथा. त्यावरचा तांबडा पट्टा म्हणजे त्या माथ्याची उन्हापावसाने झालेली माती, कुठे कुठे ज्वालामुखीची राख. वरून नवा लाव्हा आला तेव्हा ती भाजून निघाली. आणि त्यावरचा काळा कठीण दगड हा तो नवा लाव्हा. आमच्या आठ परस विहिरीत दोन लाव्हे आहेत आणि त्यांच्यामध्ये वीतभर तांबड्या मातीत मधला मोठा काळ दडपलेला आहे.

फाटलेली पाने

मुलीचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "मग ह्या दगडाच्या खाली काय आहे?"

हे मराठवाड्याला एका मोठ्या दुःखातून कळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा कपडे, धान्य, भांडी गोळा करून लातूर-उस्मानाबादकडे पाठवली असतील. त्या भूकंपाचे कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात ३३८ मीटरपर्यंत लाव्ह्याचेच थर निघाले. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली एकदम वेगळा, स्फटिकांचा, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा दगड.

जमाखर्चाच्या माणसाला इथे धक्का बसतो. खाली २५० कोटी, वर साडेसहा कोटी, आणि मधल्या २४३ कोटी वर्षांचा हिशेब ८ मीटरमध्ये? आमच्याकडे अशी खतावणी सापडली तर ऑडिटर पहिला आक्षेप तोच घेईल. पाने फाटली आहेत. त्या काळात इथे थर साचले नाहीत, किंवा साचले ते वाहून गेले.

जगात कुठल्याही एका जागी पृथ्वीची सगळी पाने शाबूत नाहीत. मग ती जुळवली कुणी? त्या माणसाची ओळख आपल्या मुलांना जरूर करून द्यावी. विल्यम स्मिथ हा इंग्लंडमधल्या एका लोहाराचा मुलगा. जन्म १७६९. बाप लहानपणीच गेला, शिक्षण गावच्या शाळेपुरते. जमीन मोजणीचे काम शिकून तो कोळशाच्या खाणींत आणि कालव्यांच्या खोदाईवर काम करू लागला. खोदाईत त्याच्या लक्षात आले की प्रत्येक थरात सापडणारे शंख-शिंपल्यांचे अवशेष वेगळे असतात आणि त्यांचा क्रम सगळीकडे तोच असतो. म्हणजे शंभर मैलांवरच्या दोन थरांत तेच जीवाश्म सापडले तर ती एकाच काळाची पाने. या युक्तीने त्याने एकट्याने देश पायी तुडवून १८१५ साली भूस्तरांचा मोठा नकाशा छापला. सरदार-जमीनदारांच्या विद्वान मंडळीने त्याला जवळ केले नाही. १८१९ साली तो कर्जापायी तुरुंगात गेला. १८३१ साली त्याच संस्थेने त्याला मोठे पदक दिले.

त्याच काळात मेरी अ‍ॅनिंग नावाची एका सुताराची मुलगी समुद्रकाठचे जीवाश्म उकरून विकून घर चालवत होती. पुराणकाळच्या प्रचंड जलचर सरपटणाऱ्यांचे सांगाडे तिने शोधले. पण ती बाई, म्हणून त्या संस्थेचे सभासदत्व तिला मिळाले नाही. काळाचा हा तक्ता उभा राहिला त्याच्या पायाशी अशा हातांचे कष्ट आहेत.

स्मिथच्या युक्तीने क्रम लागला, पण वर्षे कशी मोजायची? इथे माझे बी.कॉम. कामाला आले. यंत्राचा घसारा आपण घटत्या शिल्लक पद्धतीने काढतो. दर ठरलेला, दर वर्षी उरलेल्या रकमेवर तोच दर. दगडातल्या काही मूलद्रव्यांचे असेच असते. युरेनियमचे हळूहळू शिसे होते आणि ४४७ कोटी वर्षांत ते निम्मे उरते. युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले हे कळले की किती वर्षे गेली ते गणिताने निघते. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांवर हे गणित करून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. आजचा आकडा ४५४ कोटी आहे. हा पृथ्वीचा दाखला.

चारशे चोपन्न पानांची खतावणी

कोटी हा आकडा आपण बोलतो, पण तो डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून बापलेकीने मिळून घरच्या कोऱ्या वह्यांची एक खतावणी केली. एक पान म्हणजे १ कोटी वर्षे. पानावर ५० ओळी. म्हणजे एक ओळ २ लाख वर्षांची. एकूण पाने ४५४.

पहिल्या पानावर पृथ्वी. पुढे शंभर पाने जवळजवळ कोरी. साधारण १०५ व्या पानाच्या आसपास जीवाच्या पहिल्या खुणा, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. किल्लारीच्या छिद्रातला तळचा दगड २०४ व्या पानावर. २१४ च्या सुमाराला हवेत प्राणवायू वाढू लागतो, तोही सूक्ष्म जीवांनीच सोडलेला. त्यानंतरही पाने उलटत राहावीत, सूक्ष्म जीवांखेरीज फारसे काही दिसत नाही. ४०० पाने संपत आली की डोळ्यांना दिसतील असे मऊ अंगाचे प्राणी येतात, आणि ४०१ व्या पानापासून समुद्र कवचाच्या, पायांच्या, डोळ्यांच्या प्राण्यांनी भरून जातो. या काळाला कँब्रियन म्हणतात. ४०७ नंतर जमिनीवर वनस्पती. ४१७ च्या आसपास माशांच्या वंशातले चार पायांचे प्राणी पाण्याबाहेर येतात. ४२९ व्या पानावर सगळ्यात मोठा संहार, समुद्रातल्या बहुतेक जाती नष्ट. ४३१ च्या पुढे डायनोसॉर. त्यांच्याच पायांखाली उंदराएवढे सस्तन प्राणी, आपले पूर्वज, जीव मुठीत धरून.

या मधल्या पानांतली काही आपल्याच महाराष्ट्रात आहेत. आमची गोदावरी वाहत गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याला जाते. त्या भागातल्या दगडांत बारापासॉरस या प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांच्या शेवटच्या काळातली हाडे आणि दगड झालेली विष्ठासुद्धा मिळते. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी तिथले जीवाश्म १८५९ साली जमा केले. आणखी एक गोष्ट. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एके काळी जोडलेले होते. त्या महाखंडाला जगभरचे शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. गोंड आदिवासींच्या मुलखातल्या दगडांवरून १८७२ साली हे नाव सुचले. ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांचे नाव अर्ध्या जगाच्या पुराण्या जमिनीला मिळाले आहे.

४४८ व्या पानावर आमच्या विहिरीतला लाव्हा. त्याच पानावर डायनोसॉरांची शेवटची नोंद. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ सुमारे दहा किलोमीटर रुंदीची एक अवकाशशिळा येऊन आदळली, तिचे विवर १९९१ साली ओळखले गेले. डायनोसॉर त्या आघाताने गेले हे आता बहुतेक मानतात. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचा आणि त्यातून निघालेल्या वायूंचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. म्हणजे आमच्या विहिरीतला दगड हा त्या खटल्यातला एक आरोपी. मुलीला हे फार आवडले.

पण जीवन थांबले नाही. मुंबईत वरळीला बी.डी.डी. चाळींत आपले कितीतरी लोक राहिले. त्या वरळीच्या टेकडीवर लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्याच्या चिखलात बारीक बेडकांचे सांगाडे सापडले, आणि १८४७ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन छापले गेले. एका लाव्ह्यानंतर दुसरा यायच्या आत तिथे तळे झाले, बेडूक नांदले.

माणूस कुठे येतो? शेवटच्या पानावर, शेवटच्या दीड ओळीत. आपली जात, म्हणजे माणूस ही जात, सुमारे ३ लाख वर्षांची. तिचे मूळ आफ्रिकेत. तथागतांचा काळ अडीच हजार वर्षांचा, म्हणजे एका ओळीचा ऐंशीवा भाग, पेनने टेकवलेला एक ठिपका. जातिभेदाचा सगळा खेळही त्याच ठिपक्यात बसतो. मुलीने मला विचारले, "मग आमचं घराणं फार जुनं, असं लोक कशाच्या जोरावर म्हणतात?" मी खतावणी तिच्यापुढे सरकवली. आधीच्या ४५३ पानांत कुणाचे आडनाव नाही.

गोदावरीच्या वाळूत

शेवटचे पान बघायला आम्ही पुढच्या रविवारी गंगाखेडला बहिणीकडे गेलो. उन्हाळ्यात गोदावरीचे पात्र बारीक झालेले. काठाच्या उंच दरडीत पिवळसर गाळाचे आणि गोट्यांचे थर स्पष्ट दिसतात. मुलीने ओंजळभर गारगोट्या वेचल्या, लाल, दुधी, पट्ट्यापट्ट्यांच्या. त्या भोकाभोकांच्या दगडातूनच आलेल्या. दगड झिजून माती झाला, आतली गारगोटी कठीण म्हणून शिल्लक राहिली आणि नदीने घासून गोल केली.

असल्या गाळातच याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिककडे नांदूर मधमेश्वरला, आता नाहीशा झालेल्या मोठ्या हत्तीचे अवशेष मिळाले आणि १९०५ साली त्यांची नोंद झाली. पैठणजवळ मुंगीला १८६५ च्या सुमारास हाडांच्या थरात माणसाने घडवलेली गारेची पाती सापडली. लातूरकडच्या मांजरेच्या गाळात हत्तीबरोबर पाणघोड्याचेही अवशेष निघतात. मांजरेत पाणघोडा! आज त्या नदीत मे महिन्यात म्हैस डुंबायला पाणी मिळत नाही. आपण अनित्य हा शब्द वंदनेनंतर ऐकतो. त्या दिवशी नदीकाठी तो मला दरडीवर लिहिलेला दिसला.

देगलूरचा गुलाबी दगड

खतावणीतले जुने पान हाताने शिवायचे राहिले होते. तो योग लग्नाने आणला. नांदेड जिल्ह्यात देगलूरला मावसभावाच्या मुलीचा मंगल परिणय होता. आई, भाऊ, आम्ही सगळे निघालो. परभणी ते नांदेड रेल्वे, पुढे एस.टी. देगलूरकडे जाताना माती बदलत जाते. काळी संपते, तांबूस रेताड सुरू होते. माळावर मोठमोठे गोलसर धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. लाव्ह्याचे पांघरूण इथे संपते आणि खालची जुनी जमीन उघडी पडते.

लग्न लागल्यावर मुलगी आजीला हाताला धरून गावाबाहेरच्या एका धोंड्याजवळ घेऊन गेली. गुलाबी दगड, त्यात काचेसारखे आणि अभ्रकाचे चमकणारे कण. हा ग्रॅनाइट. वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे किल्लारीला ज्या जातीच्या, ज्या काळच्या दगडापर्यंत पोचायला साडेतीनशे मीटर खोल जावे लागले, तो इथे हाताला लागतो. आईने त्यावरून हात फिरवला. नात सांगत होती, "आज्जी, हा झाला तेव्हा जगात झाड नव्हतं, मासा नव्हता, माशी नव्हती." आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, दगड मी लई फोडले. त्याला वय असतंय हे कुणी सांगितलं नव्हतं." आणि लगेच, "हा खडीला चांगला. सारखा फुटंल."

भाऊ शेजारी उभा होता. त्याने विचारले, "म्हणजे आपल्या रानात सहाशे फूट गेलं तरी असंच थरावर थर?"

प्राध्यापकांनी मला जे सांगितले होते ते मी त्याला सांगितले. आपल्या दगडात पाणी तळ्यासारखे साठलेले नसते. ते मुरमात, चिरांमध्ये आणि मांजऱ्याच्या भोकांत राहते. तांबडा पट्टा चिकण असतो, पाणी सहसा खाली सोडत नाही. त्याच्या वरच्या चिरांतून ते बाजूला झिरपते. हे सगळे पावसाचे मुरलेले पाणी. जितके खोल जावे तितका दगड बहुधा घट्ट आणि चिरा कमी. एखाद्याला खोलवर चीर लागते, त्याचे नाव होते. दहा जणांना लागत नाही, त्यांचे कोणी सांगत नाही. शिवाय बरडावर मातीच वीतभर. पाऊस पडला की वाहून खाली जातो. नारळ नेमका तिथे उभा राहिला होता. आपल्या राज्याचा २००९ चा भूजल कायदाही ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या, खाली गेलेल्या विहिरीला खोल विहीर मानतो.

"बोअरच्या वेळी भुकटीचा रंग बदलला होता का?" मुलीने काकाला विचारले.

"बदलला होता की. आधी काळी, मग नव्वद फुटांवर तांबडी. तिथं थोडी ओल आली. मग पुन्हा काळी, खालपर्यंत." तो बोलता बोलता थांबला. त्याच्या डोळ्यांपुढे थर त्या दिवशीच आले होते. वाचता आले नव्हते, इतकेच.

परत विहिरीवर

दुसरा बोअर झाला नाही. भावाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन रान दाखवायची विनंती केली. मृगाच्या आधी आम्ही घरच्यांनीच विहिरीतला गाळ काढला, यारी अण्णांच्या मुलाने लावली. बरडावरून येणारे पाणी अडवायला दोन बांध घातले, ओढ्याकडून विहिरीच्या वरच्या अंगाला एक चर खणला. पूर्वी ही विहीर फेब्रुवारीत तळ दाखवायची. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दीड परस पाणी होते. पाऊसही बरा झाला होता, हे खरे. सगळे श्रेय बांधांना देणार नाही. बोरमाळ अजून सुटलेली नाही, हप्ते चालू आहेत. पण त्यावर आणखी कर्ज चढले नाही.

आणखी एक हिशेब भावाने आपण होऊन मांडला. ती चार-पाच फूट काळी माती याच दगडाची झीज होऊन झालेली आहे, आणि तिला हजारो वर्षे लागली. एका जोराच्या पावसात बोटभर माती ओढ्याला जाते तेव्हा काय जाते, हे त्याला आता कळते. बांध फुटला की तो त्याच दिवशी दुरुस्त करतो.

वाचकांना विनंती एवढीच. सुट्टीत गावी गेलात तर मुलांना घेऊन एखाद्या उघड्या विहिरीच्या काठावर जा, कठडा धरून, मोठ्यांच्या देखत. वरून खाली थर मोजा, रंग लिहून घ्या. विहीर नसेल तर रस्त्यासाठी कापलेला डोंगर बघा, जिंतूरकडे असे कितीतरी आहेत. तिथूनच मंठ्यामार्गे लोणारला जाता येते. तिथले १.८ किलोमीटर रुंदीचे विवर याच काळ्या दगडावर अवकाशातून आदळलेल्या शिळेने पाडले. नव्या मोजणीनुसार ते सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचे. आमच्या खतावणीत ते शेवटून तिसऱ्या ओळीत आहे.

आणि घरात कुणी खडी फोडलेली, विहीर खोदलेली, खाणीत राबलेली माणसे असतील तर त्यांना आधी विचारा. पुस्तकातले शब्द त्यांच्याकडे नसतील, पण थर त्यांना पाठ असतात. आमची खतावणी आता गावी असते. नात गेली की आई ती उघडायला लावते आणि ४४८ वे पान काढून म्हणते, "हे मह्या वळखीचं."